सातच्या पाळीचा नाश्ता

मी आहारतज्ज्ञ आहे असं सांगितलं की समोरचा माणूस आधी स्वतःच्या पोटाकडे बघतो आणि मग माझ्या. सिल्वासात हॉस्पिटलची नोकरी लागली तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते आणि हे जवळजवळ रोज व्हायचं. शेजारच्या काकू रस्त्यात गाठून विचारायच्या, "लग्नापर्यंत पाच किलो उतरेल का गं?" लग्न कोणाचं, ते सांगायच्या नाहीत.

बाबा इथल्या मराठी शाळेत गणित शिकवायचे. देवगडकडून नोकरीसाठी आले, अथालला छोटंसं घर बांधलं आणि इथलेच झाले. मी डॉक्टर व्हावं असं त्यांना वाटत होतं. दोनदा परीक्षा दिली, दोन्ही वेळा मार्क कमी पडले. मग मी मुंबईला जाऊन आहारशास्त्र शिकले. बाबांनी अडवलं नाही, पण फार विचारलंही नाही. आई तेवढी म्हणाली, "चार घास नीट खायला शिकवणं हेही कामच आहे की."

हॉस्पिटलात मला जिन्याखालची खोली मिळाली. आधी तिथे मोडक्या व्हीलचेअर ठेवत. एक टेबल, दोन खुर्च्या, वजनकाटा आणि माझे छापील तक्ते. ते मी कॉलेजच्या वह्या समोर ठेवून स्वतः तयार केले होते, इंग्रजीत, चार रंगांत. सकाळी आठला ओट्स, अकराला एक सफरचंद, दीडला दोन फुलके आणि सॅलड, पाचला ग्रीन टी, रात्री आठला सूप. भात बंद, बटाटा बंद, बाहेरचं सगळं बंद. कागद फार देखणा दिसायचा. पेशंटच्या हातात देताना मला दर वेळी छान वाटायचं.

पावसाळा संपता संपता एक जण आला. चाळिशीचा असेल. सायलीतल्या एका धाग्याच्या कारखान्यात मशीनवर होता, अकरा वर्षांपासून. गाव शिरपूरच्या बाजूला. बायको आणि दोन मुली गावी, हा इथे डोकमर्डीत चार जणांबरोबर खोली घेऊन राहायचा. कारखान्याच्या वार्षिक तपासणीत साखर निघाली, म्हणून आमच्या डॉक्टरांकडे आला होता. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि त्याला माझ्याकडे पाठवलं.

मी तक्ता समोर ठेवून दहा मिनिटं बोलले. तो मान हलवत होता.

"समजलं ना दादा?"

"हो मॅडम. जे लिहिलंय ते करायचं."

"बरोबर. आणि गोळी चुकवायची नाही."

"नाही चुकवणार," तो म्हणाला. त्याने कागदाची सारखी घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. तो काही विचारेल म्हणून मी क्षणभर थांबले. त्याने विचारलं नाही. मीही विचारलं नाही. पुढचा पेशंट दारात उभा होता.

तीन आठवड्यांनी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, डॉक्टरांनी मला वॉर्डात बोलावलं. तोच माणूस कॉटवर होता. कपाळावर पट्टी, बनियनवर रक्त वाळलेलं. मशीनवर काम करताना घाम फुटला, हात थरथरले आणि तो खाली कोसळला होता. नशिबाने फिरत्या भागाच्या उलट बाजूला पडला. कपाळ लोखंडी पायरीवर आपटलं, सात टाके पडले. साखर मोजली तर ती पन्नासच्याही खाली गेली होती. कारखान्याच्या गाडीतच कोणीतरी त्याच्या तोंडात साखर टाकली, म्हणून तो शुद्धीवर आला.

डॉक्टर माझ्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "याला सकाळी काय खायला सांगितलं होतंस?"

"आठला नाश्ता, सर. ओट्स."

"आठला हा कुठे असतो?"

मला ठाऊक नव्हतं.

"सातला मशीनवर असतो," डॉक्टर म्हणाले. "साडेसहाला खोलीवर गोळी घेतो, बिनसाखरेच्या चहाबरोबर. आणि मग दुपारपर्यंत काही खातच नाही. माझंही चुकलं. गोळी जेवणाबरोबर घे म्हणालो, पण जेवतोस कधी ते विचारलं नाही."

तो कॉटवरून उठायला बघत होता. "सर, मॅडमचा दोष नाही. मीच कमी पडलो. ओट्स मिळाले नाहीत. आधी गेटवर पोहे खायचो, पण कागदात बाहेरचं बंद होतं. म्हणून सोडून दिलं."

तीन आठवडे त्याने माझा कागद तंतोतंत पाळला होता. जे पाळता येण्यासारखं नव्हतं, ते त्याने उपाशी राहून पाळलं होतं. वॉर्डाच्या खिडकीकडे तोंड करून मी थोडा वेळ उभी राहिले. सिस्टरने मला पाणी आणून दिलं.

चार दिवसांनी तो टाके दाखवायला आला तेव्हा कळलं की त्याला मशीनवरून काढून पॅकिंगला टाकलं आहे. कंपनीच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं, तीन महिने चक्कर नको, साखर स्थिर हवी, मगच मशीन. त्यात चूक काही नव्हती. पण तो सांगताना माझ्याकडे बघत नव्हता.

"पॅकिंगचं काम वाईट नाही, मॅडम. खोके भरायचे. पण मशीनचा आवाज ऐकून मला कळतं धागा कुठे तुटणार ते. अकरा वर्षांत तेवढं शिकलो."

"तुम्ही जेवता कुठे?" मी विचारलं. हा प्रश्न मी एक महिना आधी विचारायला हवा होता.

"खानावळीत. मावशीकडे."

"मला घेऊन चला."

रविवारी मी डोकमर्डीला गेले. चाळीसारख्या खोल्यांची रांग, आणि कोपऱ्यावरच्या दोन खोल्यांमधली भिंत पाडून केलेली खानावळ. बाहेर चपलांचा ढीग. आत सतरंजीवर माणसं बसलेली, धुळ्याची, जळगावची, नंदुरबारची. मावशी पन्नाशीच्या पुढच्या, अंगाने बारीक, नऊवारी नाही, साधी पाचवारी कमरेला खोचलेली. नवरा गेल्यावर अमळनेरकडून भावाच्या आधाराने इथे आल्या आणि खानावळ उभी केली. दोन वेळा चाळीस माणसं जेवायची. हाताखाली एक बाई भांड्यांना, बाकी सगळं एकटीने.

मी कोण ते त्याने सांगितलं, तशी त्यांनी चुलीवरची, म्हणजे गॅसवरची, कढई खाली घेतली आणि पदराला हात पुसले.

"म्हणजे तुम्हीच का त्या. ताई, तुमना कागद मी वाचून घेतला एकाकडून. त्याच्यात भाकरच नही."

"चूक झाली मावशी."

"चूक तुमची राहू द्या. हा माणूस तीन आठवडे माझ्या ताटात अर्धं टाकून उठला. भात नको, बटाटा नको, डाळीवर तेल दिसलं की वाटी बाजूला. विचारलं तर बोलत नाही. मला वाटलं माझ्या हाताची चव गेली. दुसरी खानावळ शोधतोय म्हणून मी दोन दिवस ह्याच्याशी बोलले नाही."

तो खाली मान घालून हसला. "मावशी, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही."

"आणि पडलास तेव्हा चांगलं वाटलं का मला?"

मला बसायला पाट मिळाला. आधी जेवा, मग बोला, असं मावशींनी बजावलं. ताटात दोन चपात्या, भात, बटाट्याची रस्सा भाजी, उडदाची डाळ. डाळ अप्रतिम होती. मी तसं म्हटलं आणि विचारलं, भाकरी का करत नाही.

"करायची ना. पहिली सहा-सात वर्षं रोज कळण्याची भाकर असायची माझ्याकडे." ज्वारीत अख्खे उडीद घालून दळलेलं पीठ म्हणजे कळणं, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. कॉलेजच्या वह्यांत ते कुठेही नव्हतं. "आते खांदा वर जात नही, ताई. चाळीस माणसांना दोन दोन भाकरी थापायच्या म्हणजे काय ते तुमच्या कागदाला कसं कळणार?"

खरं होतं. ज्वारी-उडदाची भाकरी, सोबत डाळ आणि पालेभाजी. मी त्याच्यासाठी यापेक्षा चांगलं काही सुचवू शकले नसते. ते त्याच्या गावचं जेवण होतं, आणि मी त्याला ओट्स लिहून दिले होते.

त्या दुपारी आम्ही तिघं पाटावर बसून एका वहीत लिहीत गेलो. मी विचारायचे, तो सांगायचा, मावशी दुरुस्त करायच्या. सहाला उठतो. साडेसहाला चहा. पावणेसातला शेअर रिक्षा. साडेनऊला दहा मिनिटांची सुट्टी. दीडला जेवण, मावशीचा डबा. सातला सुटतो. एक आठवडा असा, दुसरा आठवडा रात्रपाळीचा, तेव्हा सगळं उलटं. घड्याळाप्रमाणे तक्ता करून उपयोगच नव्हता. आम्ही घड्याळ काढून टाकलं. 'कामाला निघताना', 'पहिल्या सुट्टीत', 'डब्याची वेळ', 'कामावरून आल्यावर' असे चार भाग केले. पाळी कुठलीही असली तरी ते लागू पडत होते. पहिल्या ओळीत लिहिलं, भाकरी खाल्ल्याशिवाय गोळी नाही.

"पण सकाळची भाकर येणार कुठून?" त्याने विचारलं.

मावशी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुझ्यापुरत्या दोन थापीन संध्याकाळी. दोन भाकरींनी खांदा तुटत नाही. सकाळी शिळी भाकर आणि दाण्याची चटणी. चालेल ना ताई?"

"पळेल," मी म्हणाले. गेटवरचे पोहेही मी परत दिले, साडेनऊच्या सुट्टीला, अर्धी प्लेट, शेव नको. पोह्यांचं नाव ऐकून त्याचा चेहरा जो उजळला, तसा माझ्या चार रंगांच्या कागदाने कधी कोणाचा उजळला नव्हता.

घरी येऊन मी ते टेबलावर नीट उतरवत बसले. माझं मराठी अक्षर वाईट आहे. बाबा मागे येऊन उभे राहिले, बराच वेळ वाचत होते. मग म्हणाले, "बाय, हे त्याला पाच जणांच्या खोलीत पिवळ्या बल्बखाली वाचायचंय ना? सर बाजूला." त्यांनी कपाटातून जाड पुठ्ठा काढला, पट्टीने रेघा मारल्या आणि फळ्यावर लिहितात तशा मोठ्या ठसठशीत अक्षरात सगळं लिहून काढलं. लिहिता लिहिता प्रश्न विचारत होते. ज्वारीच का? उडदाने काय होतं? गोळीआधी खाल्लं नाही तर साखर नेमकी का उतरते? मी सांगत गेले. नोकरी लागून चार महिने झाले होते आणि माझ्या कामाबद्दल ते पहिल्यांदाच काही विचारत होते. एका ठिकाणी त्यांनी मला थांबवलं. "एक वाटी म्हणजे केवढी? वाटी सगळ्यांची सारखी नसते." गणिताचे मास्तर. आम्ही खाली लिहिलं, वाटी म्हणजे मावशीची डाळीची वाटी.

डॉक्टरांनी गोळी बदलली, डोस कमी केला. मी दर रविवारी डोकमर्डीला जायला लागले. हॉस्पिटलने सांगितलं नव्हतं आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं. त्याचं बोट टोचून साखर बघायची, वहीत लिहायची, जेवायचं आणि परत यायचं.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी कुरबुर सुरू झाली. बाकीच्या माणसांना ह्याच्या ताटातली भाकरी दिसत होती. "मावशी, आम्ही काय पाप केलं? आम्हाला पण साखर व्हायला पाहिजे का?" मावशी चिडल्या. खांदा दाखवून म्हणाल्या, "तुम्हीच थापा मग!"

आणि त्यांनी थापली. सुट्टी असलेले दोघे पुढे आले. एक धडगावकडचा, शांत, जाडजूड बोटांचा. त्याने पीठ मळलं आणि अशी गोल, पातळ भाकरी तव्यावर टाकली की सगळी खानावळ टाळ्या वाजवायला लागली. लहानपणी आई शेतावर गेली की बहिणींसाठी तोच करायचा म्हणे. दुसऱ्याची भाकरी नकाशासारखी झाली, पण त्याने ती स्वतःच खाल्ली. तेव्हापासून रविवारी आणि बुधवारी ज्याला सुट्टी असेल तो भाकरीला बसायचा. मावशी शेजारी पाटावर बसून तोंडाने हुकूम सोडायच्या.

अशाच एका रविवारी, मावशींना नुसतं बसलेलं पाहून, मी सहज विचारलं, "मावशी, तुम्ही कधी जेवता? मी तुम्हाला जेवताना पाहिलंच नाही."

"जेवते ना. सगळ्यांचं आटपल्यावर."

"म्हणजे किती वाजता?"

त्यांनी हात हलवला. उत्तर माझ्या पेशंटने दिलं. "चारला, मॅडम. उभ्या उभ्या. उरलं तर. नाहीतर चहा आणि टोस्ट."

मला स्वतःचीच लाज वाटली. महिनाभर मी या बाईच्या हातचं जेवत होते. दुसऱ्याच्या ताटात काय असावं हे तिच्याशी बसून ठरवत होते. मी त्यांना हॉस्पिटलात बोलावलं. त्या यायला तयार नव्हत्या. माझा पेशंटच त्यांना रिक्षात घालून घेऊन आला आणि रक्त काढून होईपर्यंत बाहेर बसून राहिला. हिमोग्लोबिन इतकं कमी होतं की डॉक्टरांनी विचारलं, "बाई, तुम्ही उभ्या तरी कशा राहता?"

"माणसं यायची असतात जेवायला," त्या म्हणाल्या.

त्यांच्यासाठी मी काहीही लिहून दिलं नाही. खानावळीतच बोलले, सगळ्यांसमोर. पहिली पंगत बसेल तिच्यात मावशींचं ताट लागेल, एवढंच. त्या ऐकेनात. पंगतीत पुरुषांबरोबर बसायचं कसं, मग वाढणार कोण. धडगावचा उठला आणि वाढायला लागला. माझा पेशंट मावशींच्या समोर बसला. हातात घास घेऊन तसाच थांबला. "तुम्ही खा, मग मी खातो. माझी साखर उतरेल, मावशी. परत पडेन." सगळे हसले. मावशींनी त्याला एक शिवी दिली, बरीच जुनी आणि लांबलचक, आणि पहिला घास घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ठेचा तिखट झालाय, असं त्या म्हणाल्या.

तीन महिने सगळंच सुरळीत गेलं असं नाही. दिवाळीला गावी जाऊन आल्यावर त्याची साखर वर गेली. त्याने स्वतःच सांगितलं, मुलींनी केलेल्या करंज्या होत्या, नाही म्हणवेना. किती खाल्ल्या विचारल्यावर त्याने हिशोब करून सांगितलं, "नऊ." मी रागावले नाही. मुलींच्या करंज्यांना नाही म्हणून आला असता तर मलाच बरं वाटलं नसतं. आम्ही दोन आठवडे वही जास्त कडक पाळली. रात्रपाळीच्या एका आठवड्यात तो डबा विसरला आणि त्याला पुन्हा घाम फुटला. या वेळी त्याला कळलं काय होतंय. खिशात ठेवायला सांगितलेली साखरेची पुडी त्याने तोंडात टाकली आणि खोक्यावर बसून राहिला. पडला नाही.

जानेवारीत कंपनीच्या डॉक्टरांनी वही पाहिली, आमच्या डॉक्टरांचं पत्र पाहिलं आणि सही केली. त्या दिवशी दुपारी, डब्याच्या वेळेला, माझा फोन वाजला. मागे इतका आवाज होता की मला काही ऐकू येईना.

"मॅडम, मशीनवर शे! परत मशीनवर आहे!" तो ओरडून सांगत होता. "जेवलोय. आधी जेवलो, मग फोन केला."

जिन्याखालच्या खोलीत समोर पेशंट बसला होता, तरी मी उठून उभी राहिले. का उठले ते मलाही सांगता आलं नसतं.

पुढच्या उन्हाळ्यात त्याने डोकमर्डीतच वेगळी खोली घेतली आणि बायको-मुलींना घेऊन आला. म्हणजे खानावळ सुटली. मावशी आठवडाभर कोणाशी धड बोलल्या नाहीत. मग एके दिवशी त्यांनीच त्याच्या बायकोला बोलावून घेतलं, आणि मलाही. आम्ही तिघी पाटांवर बसलो. मावशी तिला सांगायला लागल्या: ह्याला भाकर जाडसर लागते, कड करपलेली चालत नाही, डाळीत लसूण जास्त, मेथी पुढे केली की आधी नाक मुरडतो पण खातो, आणि गोळी घेतली का ते विचारायचं नाही, समोर उभं राहून बघायचं.

ती बाई पदर डोक्यावर घेऊन मन लावून ऐकत होती. तिच्या लग्नाला सतरा वर्षं झाली होती. मावशींचं बोलून झाल्यावर ती सासूला हाक मारावी तशी हळूच म्हणाली, "आत्या, माझ्याकडे तर ते मेथी मागून खातात."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मग आधी कोण हसलं ते आठवत नाही. बाहेर तो मुलींना घेऊन उभा होता आणि आत काय चाललंय म्हणून सारखा डोकावत होता.